लाल देऊ का हिरवी?

मेहुणा बंगळुरूहून लातूरला येतोय आणि या खेपेला मॅनहॅटन करणार आहे, असं बायकोनं सांगितलं. मला वाटलं कसला तरी कोर्स असेल. मग कळलं, पेय आहे. व्हिस्की, गोड व्हर्मूथ, बिटर्सचे दोन थेंब आणि तळाशी एक चेरी. "बाटल्यांचं मी बघतो दाजी, तुम्ही फक्त चेरी आणून ठेवा."

फक्त!

गंज गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. त्यातले निम्मे पालथे घातल्यावर केकच्या सामानाचं एक दुकान सापडलं. "चेरी हाय का?"

"हाय की. लाल देऊ का हिरवी?"

तिथंच सावध व्हायला हवं होतं. घरी येऊन चष्मा लावला आणि डब्यावरची बारीक अक्षरं वाचली: करवंद, साखर, सायट्रिक आम्ल, रंग. करवंद! केकवरच्या ज्या एका लाल गोळीसाठी मी लहानपणी चुलतभावाचा हात पिरगाळला होता, ती म्हणजे डोंगरात काटे सोसून आम्ही फुकट ओरबाडायचो तेच फळ, पाकात बुडवून लाल केलेलं. चुलतभाऊ अजून अबोला धरून आहे.

मेहुण्यानं फोनवर शाळाच घेतली. खरी चेरी म्हणे मरास्का जातीची, आंबट. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या झादर गावात लक्सार्दो घराण्यानं १८२१ मध्ये तिचं मद्य गाळायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर ते इटलीत गेले. त्यांच्या बरणीतली चेरी काळपट आणि पाक काकवीसारखा दाट. भडक लाल मिळते त्या परदेशी चेरीत फळ खरं असतं, पण गंधकाच्या खारवणात आधी तिचा रंग उडवतात, मग लाल चढवतात. निवडणूक आली की आमच्या गल्लीत भिंतीला चुना मारून नवं चिन्ह काढतात, तसं.

इटलीची बरणी लातुरात कुठली मिळायला? म्हटलं, घरीच करू. फळवाल्याकडे काश्मीरची चेरी आलेली होती. भाव दोनदा विचारला. दुसऱ्यांदाही तोच होता.

बाकी सगळं सोपं, बिया सोडून. बायकोचा केसांचा आकडा उकळत्या पाण्यातून काढला आणि देठाच्या भोकातून आत घातला. पहिली बी सुटली ती थेट कॅलेंडरवर, एकादशीच्या चौकोनात. दुसरी सुटलीच नाही, चेरीच सुटली. विसाव्या चेरीपर्यंत बनियन, ओटा आणि माझी कोपरं लालभडक झाली होती. तेवढ्यात आई देवळातून आली.

"कुणाचा मुडदा पाडलास रे? काय करू लालास हे?"

"मोरंबा."

झालं. मोरंबा म्हटल्यावर आईला राहवेना. तिनं मला बाजूला सारलं आणि साखर, पाणी, लिंबू घालून पाक चढवला. बोटांत धरून तार पाहिली. "एकतारी नको, सैलच राहू दे," असं मी म्हणालो, तर माझ्याकडे अशी बघितली की मी गप्प. वेलदोडा घालायला निघाली होती, तो मात्र मी हात धरून थांबवला. दालचिनीवर तडजोड झाली. ब्रँडी आच बंद केल्यावर घालायची असते, नाहीतर उकळीबरोबर उडून जाते. म्हणून आई जपाला बसेपर्यंत थांबलो आणि मग बाटली उपडी केली. बरणी कैरीच्या लोणच्याची होती. तीनदा उकळली तरी झाकण उघडलं की हिंग सलामीला हजर.

मेहुणा आला तोपर्यंत बरणीला फ्रिजमध्ये दहा दिवस झाले होते. चेरी अगदी काळपट, पाक दाट, इटलीला जाब विचारेल असा. त्यानं ढवळलं, गाळलं, ग्लास उजेडात धरला. मी चमच्यानं चेरी सोडली. त्यानं ग्लासात डोकावून पाहिलं.

"दाजी, हे काळं काय टाकलंत? करवंद का?"

मी उठलो, फडताळातून तो लाल डबा काढला आणि त्यातलं एक त्याच्या ग्लासात टाकलं.

"हां," तो खूश झाला. "ही चेरी!"