‘रामन’ शब्दकोशात नाही

ताईचा ऑडिओ मेसेज सात मिनिटांचा होता. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी दर महिन्याला एक पुस्तक वाचून त्यावर भांडतात. या खेपेला ऑर्सन स्कॉट कार्ड या अमेरिकी विज्ञानकथा-लेखकाचं ‘स्पीकर फॉर द डेड’ मीच सुचवलं होतं. निकाल असा: एकीला लढाई नाही म्हणून कंटाळा आला. दुसरीला पहिला भाग, ‘एंडर्स गेम’, फार आवडला होता, त्यामुळे हा तिला प्रवचन वाटला. तिसरीने अर्ध्यातच सोडला, पोर्तुगीज नावं लक्षात राहीनात म्हणून. आणि ताई? "हा एंडर बाहेरून येतो, चार दिवस राहतो आणि गावाला शहाणपण शिकवून मोकळा होतो. वाचताना सारखा तूच डोळ्यांसमोर येत होतास."

बसमध्ये होतो. उतरायचा स्टॉप गेला.

लढाई नाही म्हणणारीचं आधी उरकतो. 1977 साली एक कथा होती. कार्डने ती वाढवून ‘एंडर्स गेम’ केली, ती मुळात या दुसऱ्या पुस्तकासाठी जमीन तयार करायची म्हणून. म्हणजे ज्याला तुम्ही शेपूट म्हणता तोच हत्ती आहे. पोर्तुगीज नावांचं कारणही साधं आहे: कार्ड तरुणपणी मॉर्मन मिशनरी म्हणून ब्राझीलमध्ये राहिला होता. परक्या भाषेत वावरलेल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक परकं लागणारच की! इथे स्वीडनमध्ये मी रोज बारा-पंधरा नावं चुकीची उच्चारतो आणि ती माणसं माझं नाव चुकीचं उच्चारतात. कुणी पुस्तक मिटून उठून जात नाही.

आता खरा मुद्दा. लुसितानिया ग्रहावर माणसांच्या वसाहतीभोवती कुंपण आहे. पलीकडे पेकेनिनो राहतात, डुकरांसारख्या तोंडाचे, बुद्धिमान. त्यांचा अभ्यास करणाऱ्यांवर सक्त नियम आहे: आपल्या संस्कृतीचा थांग त्यांना लागू द्यायचा नाही, प्रश्नसुद्धा जपून विचारायचे. एके दिवशी पेकेनिनो त्यांच्या लाडक्या अभ्यासकाला, पिपोला, जिवंतपणी चिरतात. माणसांच्या लेखी हा खून. त्यांच्या लेखी तो सर्वोच्च मान, कारण त्यांच्यात असं मरण आलेला झाड होऊन पुढचं आयुष्य जगतो. माणूस झाड होत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सांगणार कसं, नियम ना!

ताईच्या मते पेकेनिनो शेवटी फारच समजूतदार निघतात, लेखकाने त्यांना माणसाळवून टाकलंय. यात तथ्य आहे, मला ते मान्य करावंसं वाटत नाही एवढंच. पण त्या पुस्तकात परकेपणाच्या चार पायऱ्या आहेत आणि ते शब्द, पुस्तकाच्या म्हणण्याप्रमाणे, नॉर्डिक भाषेतले. ऊतलेन्निंग म्हणजे आपल्याच जगातला, पण दुसऱ्या गावचा किंवा देशाचा. फ्रेमलिंग म्हणजे माणूसच, पण दुसऱ्या जगातला. रामन म्हणजे प्रजाती वेगळी, तरी ज्याला आपण माणूस मानतो तो. वारेल्से म्हणजे ज्याच्याशी बोलणंच शक्य नाही असा. ताई हे परिशिष्ट वाचल्यासारखं वाचून पुढे गेली. मी नाही जाऊ शकलो. ऊतलेन्निंग हा माझ्यासाठी कादंबरीतला शब्द नाही. इथल्या 2005 सालच्या परकीयांच्या कायद्याच्या नावातच तो आहे, आणि माझी किती वर्षं त्या कायद्याच्या कलमांखाली गेली ते मला माहीत आहे. फ्रेमलिंग म्हणजे अनोळखी माणूस, वारेल्से म्हणजे नुसता प्राणी, जीव. दोन्ही रोजच्या बोलण्यातले. पण रामन? स्वीडिश शब्दकोशात तो नाहीच. परक्याला आपला मानण्याचा तेवढा एक शब्द लेखकाला कल्पनेने आणावा लागला. (आपल्याला तर ते एखाद्याचं नाव वाटतं. आणि हाच लेखक पुढे समलिंगी विवाहाविरुद्ध जाहीरपणे लिहीत राहिला, तेव्हा त्यालाही तो शब्द पुरा पेलला नाही.)

हे सगळं मी ताईला लिहिलं. तिचं उत्तर एका ओळीचं: "परकी माणसं बघायला इतक्या लांब जावं लागतं का रे? आमच्या जिन्यात आहेत."

दुसरं भांडण एंडरच्या भाषणावरून. तो मृतांचा वक्ता. गेलेल्या माणसाबद्दल खरं ते सांगायचं, गोडही करायचं नाही आणि झोडपायचंही नाही. वसाहतीतल्या मार्काओच्या मृत्यूनंतर तो सगळ्या लोकांसमोर सांगतो की मार्काओच्या बायकोची मुलं मार्काओची नाहीत. ताई भडकली होती. "पोरांसमोर? घरातली भांडी चव्हाट्यावर मांडायची आणि त्याला सत्य म्हणायचं? उद्या त्याच गावात राहायचंय त्यांना." मी म्हणालो, त्यांना बाहेरच्याच माणसाने सांगायला हवं होतं, आतले कधीच बोलले नसते. म्हणालो खरं. पण एंडर निदान त्या घरात राहिला, त्या पोरांचा झाला. मी सुट्टीला येतो, तीन आठवडे सगळ्यांच्या चुका दाखवतो आणि परतीचं तिकीट आधीच काढलेलं असतं.

माझ्या मनात रुतून बसलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. एंडर लुसितानियाला निघतो तेव्हा अंतर 22 प्रकाशवर्षांचं असतं. जवळपास प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या यानात त्याला थोडेच दिवस लागतात. मागे राहिलेल्या बहिणीची 22 वर्षं जातात, आणि जिने बोलावलं ती मुलगी तोवर सहा मुलांची आई झालेली असते. शाळेत शिकवतात ती सापेक्षता, दुसरं काही नाही. मी ते पान रात्री वाचलं आणि दिवा मालवला नाही.

मागच्या आठवड्यात ताईला फोनवर विचारलं, धाकट्याची सायकल दुरुस्त झाली का? ती हसत सुटली. "अरे, तो आता गाडी चालवतो. सायकल कधीच भंगारात गेली."

तिच्या मैत्रिणींसाठी लिहिलेलं लांबलचक उत्तर अजून मसुद्यातच आहे. त्यात खालून दुसरी ओळ होती, ‘तुम्हाला तिथे बसून हे कळायचं नाही.’ तेवढी खोडली. बाकीचं उद्या बघतो.