ग्रीनस्टेडचं चर्च इ.स. ८४५ चं नाही

इंग्लंडमधल्या एसेक्सचं ग्रीनस्टेडचं लाकडी चर्च इ.स. ८४५ मध्ये बांधल्याचा मजकूर फिरतो आहे. तो जुन्या अंदाजावर बेतलेला आहे. १९९० च्या दशकात भिंतींच्या ओक लाकडातली वाढीची वर्तुळं नव्याने तपासली, तेव्हा ही झाडं १०६३ ते ११०८ च्या दरम्यान तोडलेली निघाली. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांचा फरक! तरीही मधोमध चिरलेले ते उभे ओंडके आजवर टिकलेत, हे काय थोडं झालं? सगळी इमारत मात्र तेवढी जुनी नाही. विटांचं बांधकाम साधारण १५०० च्या सुमाराचं. आणि भिंतीतल्या भोकातून महारोगी बाहेर उभं राहून प्रार्थना पाहायचे, हेही खरं धरू नका. तिथे बहुधा पवित्र पाण्याचं भांडं असायचं.