परक्यांच्या नावाने पाळलेला शब्बाथ

पिट्सबर्गच्या स्क्विरल हिल भागातील ‘ट्री ऑफ लाइफ’ सिनेगॉगमध्ये २७ ऑक्टोबर २०१८ रोजी झालेल्या गोळीबारात ११ जण मारले गेले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. हल्लेखोराने नेमके तेच ठिकाण का निवडले, याची चर्चा मात्र अमेरिकेतल्या आम्हा मराठी मंडळींत फारशी झाली नाही. त्या इमारतीत तीन वेगवेगळे ज्यू समुदाय प्रार्थनेला जमत. त्यांपैकी ‘दोर हादाश’ या समुदायाने आदल्याच आठवड्यात निर्वासितांच्या नावाने शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा व प्रार्थनेचा दिवस, पाळला होता आणि या देशव्यापी उपक्रमात सहभागी झालेल्यांच्या जाहीर यादीत त्याचे नाव होते. उपक्रम निर्वासितांना मदत करणाऱ्या ‘हायस’ या ज्यू संस्थेचा होता. ही संस्था आपल्या लोकांना मारणारे आक्रमक देशात आणते, असे हल्लेखोराने गोळीबारापूर्वी काही मिनिटे समाजमाध्यमावर लिहिले होते.

हे ‘आक्रमक’ कोण? पिट्सबर्गपुरते बोलायचे, तर त्यांत मोठी संख्या भूतानमधून हाकलल्या गेलेल्या नेपाळीभाषकांची आहे. १९९०च्या सुमारास त्यांना देश सोडावा लागला, पूर्व नेपाळमधील छावण्यांत त्यांच्या आयुष्याची पंधरा-वीस वर्षे गेली आणि २००८पासून अमेरिकेने त्यांना मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. त्यांतील बहुसंख्य हिंदू आहेत. दसऱ्याला तांदूळ-दह्याचा टिका लावणाऱ्या या कुटुंबांना विमानतळावर उतरवून घेणे, भाड्याचे घर पाहून त्यात भांडीकुंडी लावणे, मुलांची नावे शाळेत घालणे आणि पहिली नोकरी मिळेपर्यंत सोबत राहणे, ही कामे त्या शहरात ज्यांनी केली त्यांत तेथील ज्यू सेवासंस्थेचा वाटा मोठा आहे. ‘जगात हिंदूंना कोणी वाली नाही’ असे संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

आपल्या माणसांना मदत करणे सर्वच समाजांना जमते. मुंबईतही १९३४मध्ये जर्मनीतून निसटून आलेल्या ज्यूंसाठी ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ स्थापन झाली होती. हायसदेखील रशियन साम्राज्यातील हत्याकांडांतून पळालेल्या ज्यूंसाठीच उभी राहिली. परंतु १९७५नंतर व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधील निर्वासितांसाठीही तिने काम सुरू केले आणि आज तिच्या मदतीने स्थिरावणारे बहुतेक लोक ज्यू नसतात. हा बदल मला विलक्षण वाटतो. मिसर (इजिप्त) देशात तुम्हीही परके होता, म्हणून परक्याला छळू नका, ही आज्ञा तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथामध्ये छत्तीस ठिकाणी आली आहे, असे त्यावरील चर्चांचा प्राचीन ग्रंथ तालमुद सांगतो. काहींच्या मते छेचाळीस ठिकाणी. दरवर्षी वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, जेवणात ती गुलामगिरी स्वतः भोगल्यासारखी आठवायची असते. आपल्यावर झालेला अन्याय आठवून बहुतेक समाज हिशेब चुकता करायला निघतात. येथे त्याच आठवणीतून परक्याविषयीचे कर्तव्य काढले गेले. गोळीबार झाला त्या शनिवारी सिनेगॉगमधील वाचनासाठी नेमलेल्या तोराच्या भागात अब्राहाम तीन अनोळखी वाटसरूंना तंबूत बोलावून जेवू घालतो.

यावर दोन आक्षेप येतील, हे मी धरून चालतो. पहिला इस्रायलचा : ज्यूंचे ते राष्ट्र तरी परक्यांशी असे वागते का? पिट्सबर्गमधील भाविक इस्रायलचे सरकार चालवत नाहीत, आणि इस्रायलमध्ये आलेल्या एरिट्रिया व सुदानच्या आश्रयार्थींसाठी हायस तेथेही काम करते, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते. दुसरा आक्षेप आमच्या मराठी मंडळाच्या कोणत्याही स्नेहभोजनात ऐकू येतो : ‘आम्ही रांगेत उभे राहून, गुणवत्तेवर आलो, निर्वासितांशी आमचा काय संबंध?’

संबंध आहे. १९२४च्या कायद्याने अमेरिकेने पूर्व व दक्षिण युरोपातील स्थलांतर आवळले आणि आशियाई लोकांना जवळजवळ पूर्ण बंदी केली. ज्या कायद्याने पुढे जर्मनीतून पळणाऱ्या ज्यूंची वाट अडवली, त्याच कायद्याने आपलीही अडवली होती. त्या वेळी संसदेत नव्याने आलेले, ब्रुकलिनचे ज्यू प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर यांनी त्याला विरोध केला, आणि ४१ वर्षांनी, १९६५मध्ये, राष्ट्रनिहाय कोटा मोडणाऱ्या कायद्याला त्यांचेच नाव लागले. पुण्या-मुंबईचे डॉक्टर आणि इंजिनिअर ज्या दारातून येथे आले, ते दार त्या कायद्याने उघडले. आपली गुणवत्ता १९२४मध्येही असेलच. तेव्हा तिला कोणी विचारत नव्हते.

२० जानेवारी २०२५ रोजी निघालेल्या अध्यक्षीय आदेशाने निर्वासितांचा प्रवेश थांबवण्यात आला आणि फेब्रुवारीत हायस दोन ख्रिस्ती संस्थांबरोबर त्याविरुद्ध न्यायालयात गेली. दावा लढवणे आपल्या मंडळांचे काम नाही, हे मान्य. पण आधीच येऊन राहिलेल्या कुटुंबांना इंग्रजी शिकवायला, गाडी चालवण्याच्या परीक्षेला घेऊन जायला आणि दवाखान्यात दुभाषी म्हणून बसायला माणसे लागतात. आपल्यापैकी अनेकांना हिंदी उत्तम येते आणि त्या भूतानी कुटुंबांतील पुष्कळांना ती समजते. यंदाच्या गणेशोत्सवाच्या बैठकीत मी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला सांगणार आहे, ढोल-ताशांच्या खर्चाच्या आधी.