दोन सेंटिमीटर धीर धरा

कॅन्सर व्हायचाच असेल तर निदान पॉलिसीत बसेल असा तरी होऊ द्या. लोक नेमके इथेच चुकतात. २५ लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी, म्हणजे गंभीर आजाराचं निदान झालं की एकरकमी पैसे देणारी, घेतात, वर्षानुवर्षं न चुकता हप्ता भरतात आणि ऐन वेळी उतावीळपणा करून अगदी सुरुवातीलाच तपासून मोकळे होतात. कागदावर तर स्वच्छ लिहिलेलं असतं, ‘कॅन्सर ऑफ स्पेसिफाइड सिव्हिअरिटी’, म्हणजे ठरावीक तीव्रतेचा कॅन्सर. साधासुधा चालत नाही. ही व्याख्या विमा नियामक आयआरडीएआयनेच घालून दिलेली आहे, त्यामुळे एका कंपनीवर रुसून दुसरीच्या दारात जाण्यातही फारसा अर्थ नाही.

तेव्हा पहिलं म्हणजे मॅमोग्राफी टाळा. ते मशीन फार आगाऊ असतं. हाताला गाठ लागायच्या आत ते पांढरे ठिपके दाखवतं, मग बायोप्सी होते आणि अहवालात ‘डक्टल कार्सिनोमा इन सिटू’ असं येतं. पेशी कॅन्सरच्याच, पण दुधाच्या नळीची भिंत ओलांडून बाहेर न पडलेल्या. स्टेज शून्य. आता यावरही कधीकधी पूर्ण स्तन काढावा लागतो, पण तो तुमचा आणि सर्जनचा खासगी मामला झाला. कंपनी नळीची भिंत बघते, टाके मोजत नाही. पॅप स्मिअरचंही तेच. गर्भाशयमुखाचं सीआयएन, म्हणजे पेशींमधला कॅन्सरपूर्व बदल, त्याची १, २ आणि ३ ही तिन्ही भावंडं व्याख्येने नाव घेऊन बाहेर काढलेली आहेत.

थायरॉइडवाल्यांनी फूटपट्टी जवळ ठेवावी. टी१एन०एम० किंवा त्याखालचा थायरॉइडचा कॅन्सर वगळलेला आहे. यात टी म्हणजे गाठ, एन म्हणजे लसिकाग्रंथी, एम म्हणजे दूरवर पसरणं, आणि टी१ म्हणजे ग्रंथीच्या आतच राहिलेली, २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ. सोनोग्राफीत २.१ दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. मोजमाप धरतात ते ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी अहवालातलं, आणि काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये थोडा आकसतो. तिथे ‘१.९ x १.५ x १.२ सेंमी’ असं छापून आलं की मधल्या २ मिलिमीटरची किंमत २५ लाख. मात्र मानेतल्या एखाद्या लसिकाग्रंथीत कॅन्सर सापडला तर एन०चा एन१ होतो आणि हे वगळणं लागू पडत नाही, मग गाठ १.२ सेंटिमीटरची का असेना. ही ओळ अहवालाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असते. क्लेम नाकारणाऱ्याने ती वाचलेली असतेच असं नाही.

प्रोस्टेटसाठी ग्लिसन स्कोअर, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात याचे गुण, ६च्या वर हवा. ३+३ आला तर नापास, ३+४ आला तर उत्तीर्ण. किंवा मग किमान टी२ तरी हवा, म्हणजे ढोबळमानाने डॉक्टरच्या बोटाला गाठ लागायला हवी. रक्तातल्या पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनावरून संशय आला आणि सुईने शोधून काढली तर ती टी१सी, टी२च्या खालची. थोडक्यात, रक्ततपासणीने घात केला.

समजा, एवढं सगळं करून कॅन्सर व्याख्येत बसला. आता कागद. व्याख्येला हिस्टॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा, पुरावा लागतो. बारीक सुईने पेशी ओढून केलेली एफएनएसी ही सायटॉलॉजी, म्हणजे सुट्या पेशींची तपासणी, ती पुरत नाही. बायोप्सीचा किंवा काढलेल्या गाठीचा अहवाल हवा, आयएचसी ही पेशींवरची खास रंगतपासणी केली असेल तर तीही. पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या. दुसरं मत घ्यायला परळला टाटात गेलात तर तिथेही तेच मागतात. पण हे सगळं करणं म्हणजे कंपनीवर अविश्वास दाखवणं. शहाणा माणूस फक्त डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडतो, ज्यावर ‘सीए ब्रेस्ट’, म्हणजे स्तनाचा कॅन्सर, एवढंच लिहिलेलं असतं.

आणि खरी गंमत पहिल्या केसपेपरवर असते. ओपीडीत डॉक्टर मान खाली घालून विचारतात, किती दिवसांपासून? तुमच्या आधी सोबत आलेली आत्याच उत्तर देते, “झाले असतील की सहा-आठ महिने!” डॉक्टर लिहितात, ‘लंप सिन्स ८ मंथ्स’. पॉलिसी सात महिन्यांची. त्या एका ‘सिन्स’वर कंपनी पूर्वीपासूनचा आजार म्हणून फाइल बंद करू शकते. आत्याला पुढच्या वेळीही जरूर न्या. तारीख नक्की माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही, आणि डिस्चार्जच्या आधी मजकूर वाचून चूक तिथल्या तिथे सही-शिक्क्यासह दुरुस्त करून घ्यायलाही संकोच वाटतो. नंतर महिन्याभराने आणलेला दुरुस्तीचा दाखला मग बनावाचा वास येतो म्हणून बाजूला पडतो.

पॉलिसी घेतल्यापासून पहिल्या ९० दिवसांत निदान झालं तर काही मिळत नाही. काही पॉलिसी निदान सोडा, लक्षणंही या ९० दिवसांत धरतात. शिवाय बहुतेक ठिकाणी निदानानंतर ठरावीक दिवस, बऱ्याचदा ३०, जिवंत राहण्याची तसदी घ्यावी लागते. ते जमवा. फॉर्म भरताना बीपीची गोळी लिहायची राहिली असेल तर तेही आत्ताच उकरलं जाईल. आरोग्य विम्यात सलग ६० महिने कव्हर झाल्यावर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय हा मुद्दा काढता येत नाही, पण हे तुम्हाला एजंट कशाला सांगेल?

मेडिक्लेम वेगळी असेल तर तीही विसरून जा. ती हॉस्पिटलचं बिल देते, स्टेज शून्य असो की चार, आणि ‘इन सिटू’च्या ऑपरेशनचा खर्च तिच्यातून मागता येतो. एकरकमी पॉलिसी नाकारली म्हणून दुसरी फाइल उघडायचीच नाही, हा बाणा मोडू नका. काही कॅन्सर पॉलिसी सुरुवातीच्या स्टेजलाही विमा रकमेच्या २५ टक्के देतात. तीही घरातल्या कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे का, हे बघायची गरज नाही.

मग नकाराचं पत्र येईल. त्यात कारण आणि पॉलिसीचं कलम लिहिणं कंपनीला भाग आहे. ‘उशिरा कळवलंत’ एवढंच कारण असेल तर उशीर टाळता येण्यासारखा नव्हता हे दाखवा. तेवढ्याने क्लेम नाकारू नये असं विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११च्या परिपत्रकातच सांगितलं होतं. पण फोनवर गोड आवाजातल्या मुलीने “सर, डिक्लाइन झालंय” म्हटलं की विषय संपवायचा, लेखी मागायचं नाही. लेखी मागितलं की पुढची भानगड सुरू होते: आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज, महिनाभर उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर तिथून वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. इतकं फुकट मिळतंय म्हटल्यावर शंका यायलाच हवी.

तरीही गेलातच, तर अहवालाचं शेवटचं पान पिवळ्या पेनने रंगवून न्या. ‘इन सिटू’च्या पुढे ‘विथ मायक्रोइन्व्हेजन’ असे दोन शब्द असतील तर पेशींनी भिंत ओलांडलेली आहे, भले एका मिलिमीटरच्या आत का असेना. व्याख्येत किती मिलिमीटर ते लिहिलेलं नाही. समोर बसलेल्या कंपनीच्या साहेबांना तेवढं विचारा, आणि पाणी हवंय का तेही विचारा.