मीठ घरात असतं, क्लच प्लेट नसते

काका (तुम्ही स्वतःच वय लिहिलंत म्हणून काका म्हणतोय), ‘पार्ट दोन तासांत आला तर गॅरेज जगतं’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रात्री साडेअकराला वाचली आणि झोप उडाली. सकाळी गॅरेज उघडल्यावर पुन्हा वाचली. तोवर राग उतरला होता, आणि तुमच्या दोन मुद्द्यांवर माझ्याकडे उत्तर नाही हेही कळलं होतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पार्ट साठवून ठेवण्यापेक्षा दुकानातून झटपट मागवावेत, असं मी लेखात म्हटलं होतं. आता तुमचं म्हणणं. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तुमची बत्तीस वर्षं गेली. तुमच्या मते मी ढिसाळपणाला वेगाचं नाव दिलंय. ‘घरात मीठ ठेवायचं नाही, फोडणी टाकल्यावर वाण्याकडे पोऱ्या पिटाळायचा आणि वर त्याला कार्यक्षमता म्हणायचं,’ हे तुमचं वाक्य. पुढे तुम्ही म्हणता की पार्ट लवकर आल्यानं मिस्त्री हुशार होत नाही, उलट त्याला अंदाजपंचे पार्ट बदलायची सवय लागते. या पळापळीचा खर्च शेवटी गिऱ्हाईकाच्या बिलात येतो. आणि सिग्नल तोडत येणाऱ्या त्या दुचाकीवरच्या पोरांचं काय? सगळ्यात शेवटी तुमच्या गाडीच्या काचेचं गाऱ्हाणं आहे. त्याच्याकडे मीही शेवटी येतो.

मिठाचं उदाहरण झकास आहे, पण मीठ आमच्या घरात असतं. माझ्या फळीवर ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल, बल्ब, फ्यूज आणि नेहमी येणाऱ्या सात-आठ मॉडेलचे पुढचे ब्रेक पॅड कायम असतात. मे संपायच्या आत वायपर ब्लेड भरून ठेवतो, कारण पहिली सर आली की अख्ख्या वारज्याला एकाच दिवशी आपले वायपर आठवतात. एवढं नियोजन आम्हालाही जमतं.

क्लच प्लेटचं तसं नाही. तुमच्या स्टोअरमध्ये उद्या लाइनवर कुठलं मॉडेल किती लागणार हे आदल्या दिवशी कागदावर असायचं. टोयोटानं कानबानची (लागेल तसा माल मागवायची) कार्डं फिरवली ती याच भरवशावर. माझ्या दारात उद्या कुठली गाडी टो होऊन येणार हे आज तिच्या मालकालाही ठाऊक नसतं, मग मला कुठून असणार? एकाच नावाची गाडी घ्या. तीत पेट्रोल आलं, डिझेल आलं, सीएनजी आलं. त्यात धुराचे नियम बदलले: १ एप्रिल २०२० च्या आधीची बीएस-फोर, नंतरची बीएस-सिक्स. त्यात कंपनीनं मधेच गुपचूप बदललेला पार्ट, ज्याचा नंबर शेवटच्या एका अक्षरानं वेगळा. एका गाडीची प्लेट दुसरीला व्यासानं बसली तरी स्प्लाइनच्या दातांना बसत नाही. हे सगळं फळीवर ठेवायचं तर मला शेजारचा गाळा घ्यावा लागेल, आणि त्यातला निम्मा माल गंजून भंगारात जाईल.

साठवलेल्या मालाचं आणखी एक दुखणं गेल्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. त्याआधी बहुतेक पार्टवर तो २८ टक्के होता. गिऱ्हाईकाच्या दृष्टीनं चांगलंच झालं. पण ज्यांची जीएसटी नोंदणीच नाही अशा छोट्या गॅरेजवाल्यांनी २८ टक्के मोजून भरलेला माल दुसऱ्या दिवशी नव्या भावात द्यायचा, तर तो फरक त्यांच्याच खिशातून गेला. ज्याची फळी जास्त भरलेली, त्याचा खिसा जास्त हलका.

आता लेखात मी एका ओळीत उरकलेली गोष्ट नीट सांगतो, कारण गैरसमज तिथंच झालाय. माझं गॅरेज गाडी वर उचलायच्या दोन लिफ्टचं. माणसं तीन: मिस्त्री, हेल्पर आणि मी.

दोनेक वर्षांपूर्वी एक आठ वर्षं जुनी हॅचबॅक आली. कात्रजच्या घाटात इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही, म्हणजे क्लच संपला. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सेट सकाळीच आणून ठेवला. तुम्ही म्हणता तसं नियोजन! बाराच्या सुमारास गिअरबॉक्स खाली आला आणि मिस्त्रीनं नुसती टॉर्च आत धरली. तेल. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील पाझरत होतं आणि आतली सगळी घंटी (क्लचवरचं घंटेच्या आकाराचं आवरण) काळी चिकट झाली होती. त्यावर नवी प्लेट चढवली असती तर तीही काही महिन्यांत तेल पिऊन सरकायला लागली असती. सीलची किंमत काहीशे रुपये. पण गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय ते दिसतच नाही. मग त्याची ऑर्डर आदल्या दिवशी कशी देणार?

‘तोवर गाडी बाजूला ढकला की,’ असं तुम्ही म्हणाल. ढकलता येत नाही. गिअरबॉक्स काढायला दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट बाहेर घ्यावे लागतात. चाकाच्या हबमधून येणारा शाफ्ट आणि त्यावरचा मोठा नट पुढच्या चाकाचं बेअरिंग आवळून धरतात. तो शाफ्ट नसताना गाडीचं वजन चाकांवर टाकून ती पुढेमागे केली की बेअरिंग सैल पडतं आणि थोड्या दिवसांत घूं घूं आवाज सुरू होतो. शिवाय इंजिनाची एक बाजू सपोर्टवर टांगलेली. म्हणजे काहीशे रुपयांच्या रबरी कड्यापायी लिफ्ट अडकली आणि माझं अर्धं गॅरेज बंद.

हेल्पर स्कूटरवर नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात गेला. कर्वे रोड, डेक्कन, मग पेठांतल्या एकेरी रस्त्यांचा वळसा, गाडी लावायला जागा शोधणं, काउंटरवर सहा जण पुढे. सील घेऊन आला. बाहेरचा व्यास बरोबर, आतला दोन मिलिमीटरनं वेगळा. मापं सीलवर छापलेली असतात, पण तेलात शिजलेल्या जुन्या सीलवरचा आकडा त्यानं ६ चा ८ वाचला होता. पुन्हा फेरी. हातात योग्य सील पडलं तेव्हा सहा वाजले होते. दारात लोअर आर्मचा (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा) आवाज करणारी एक सेदान उभी होती. तिचा मालक प्लास्टिकच्या खुर्चीत तीन कप चहा पिऊन ‘बघतो नंतर’ म्हणून निघून गेला. तो काही परत आला नाही.

हिशेब तुम्हाला आवडतो म्हणून मांडतो. साडेनऊ ते सात, जेवणाचा अर्धा तास सोडला तर नऊ तास. दोन लिफ्टचे अठरा. एरवी तीनला उतरली असती ती गाडी दुसऱ्या दिवशी बाराला उतरली. कामाचे साडेसहा तास एक लिफ्ट नुसती गाडी धरून उभी होती, आणि त्यातला बराच वेळ हेल्परही रस्त्यावर. मिस्त्रीचा हात काही हळू चालला नव्हता.

आणि हे साडेसहा तास बिलात येत नाहीत. तुमचा खर्चाचा मुद्दा मला इथंच पटत नाही. क्लचची मजुरी गाडी घेतानाच ठरते. सील मिळालं नाही म्हणून मी थांबलो, याचे पैसे गिऱ्हाईकाकडून कुठल्या तोंडानं मागू? भुर्दंड माझा. आता त्याच जागी मी चेसिस नंबरचा आणि जुन्या पार्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, काउंटरवरचा माणूस कॅटलॉगमध्ये पार्ट नंबर काढतो आणि माल दुचाकीवर येतो. हा काउंटरवाला डिस्काउंट इतरांपेक्षा दोन टक्के कमी देतो. ते मी सोसतो, छापील किमतीवर चढवत नाही.

जाता जाता एक जुनी गोष्ट. बाहेरच्या गॅरेजवाल्याला काही पार्ट पूर्वी मिळायचे नाहीत ते अंतरामुळे नव्हे. ते फक्त अधिकृत डीलरकडेच जायचे. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं याच कारणासाठी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिलं झाली, तो भाग वेगळा. सांगायचं एवढंच की आम्ही साठा केला नाही हा नेहमीच आळस नव्हता.

आता तुमचं जे बरोबर आहे ते.

अंदाजपंचे पार्ट बदलण्याचा रोग खरा आहे आणि तो मलाही झाला होता. एक गाडी चालता चालता बंद पडायची. स्कॅनरनं क्रँक सेन्सरचा (इंजिनाचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचा) बिघाडाचा कोड दाखवला. पूर्वी सेन्सर आणायला अर्धा दिवस जायचा, म्हणून आधी वायर चाचपायचो, कनेक्टर उघडून बघायचो, मीटर लावायचो. आता सेन्सर तासात येतो म्हटल्यावर सरळ मागवला आणि लावला. गाडी गिऱ्हाईकाला दिली. नवले पुलाजवळ पुन्हा बंद. कनेक्टरच्या एका पिनवर हिरवा गंज चढला होता, ब्रशनं घासून साफ केला आणि मिटलं. इलेक्ट्रिकलचा माल लावून झाला की कुणी परत घेत नाही. तो सेन्सर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तेव्हापासून गॅरेजमध्ये एक वही ठेवलीय: मीटरचं रीडिंग वहीत लिहिल्याशिवाय सेन्सरची ऑर्डर जाणार नाही. मिस्त्री कुरकुरतो, पण लिहितो.

चुकीचा पार्ट झटपट आला तर तो उशिरा आलेल्या बरोबर पार्टपेक्षा महाग पडतो, हेही मी लेखात लिहायला हवं होतं. ‘आरएच’ म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हरची बाजू, पण हेल्पर गाडीकडे तोंड करून उभा राहिला की त्याची उजवी बाजू क्लीनरची होते आणि लिंक रॉड हमखास उलटा येतो. हल्ली पिशवी फोडायच्या आधी जुना आणि नवा पार्ट बाकावर शेजारी ठेवून बघायचे, असा दंडक आहे. फोडलेली पिशवी काउंटर परत घेत नाही.

पोरांबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळ्यात जास्त टोचलं. एकदा एक मुलगा भर पावसात अख्खा बंपर पाठीला बांधून बाइकवरून आला होता. वाऱ्यानं तो बंपर शिडासारखा भरत होता. माझी तर त्या दिवशी घाईही नव्हती, गाडीला अजून पुट्टी लागायची होती. पण काउंटरवर ‘अर्जंट’ म्हणायची माझी सवय, आणि तो शब्द त्या पोराच्या पाठीवर जाऊन बसला.

तर लेखाचं ते शीर्षक मी मागे घेतो. दोन तासांचा हट्ट चुकीचा आहे. माझा काउंटरवाला आता दिवसातून दोन फेऱ्या टेम्पोनं करतो, एक अकराची आणि एक चारची. मला तेवढं पुरतं, फक्त चार म्हणजे चार असायला हवेत. पार्ट चारला नक्की येणार असेल तर मी गिअरबॉक्सचं काम सकाळीच उघडतो, मधल्या वेळात दुसऱ्या लिफ्टवर दोन सर्व्हिसिंग काढतो आणि हेल्परला तिकडे लावतो. ‘निघालाय, पोचतोच आहे’ असं एक वाजल्यापासून ऐकत बसलो तर मात्र कुठलंच काम धड हातात घेता येत नाही, मग पार्ट दोनला येवो नाहीतर पाचला. गुरुवारी लाइट जाते तेव्हाही माझं काम इतकं अडत नाही, कारण ती जाणार हे आधी माहीत असतं आणि लिफ्टवर कुठली गाडी चढवून ठेवायची ते बुधवारी संध्याकाळी ठरवता येतं. दुचाकीवरची अर्जंट मी आता फक्त लिफ्ट खरंच अडकली तरच मागवतो.

राहिली तुमची काच. अडीच आठवडे विंडो रेग्युलेटर (काच वरखाली करणारा पार्ट) मिळत नाही आणि काच टेपनं चिकटवून फिरताय, असं लिहिलंत. तुमचं मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे टेम्पोची फेरी असो की दुचाकी, तिथं काही कामाची नाही. तो पार्ट कुणाच्या तरी जुन्या फळीवर धूळ खात पडलेला असेल तरच मिळेल. नाना पेठेतल्या दोन जुन्या काउंटरवर मी विचारून ठेवलंय. एकाकडे त्या गाडीचे दोन निघाले, पण काच पुढची की मागची, ड्रायव्हरची की क्लीनरची, आणि हँडलवाली की पॉवरची, यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. स्टोअरमध्ये बत्तीस वर्षं काढलेल्या माणसानं असा अर्धवट इंडेंट (मागणीपत्र) पाठवावा? चेसिस नंबर आणि दाराचा आतून एक फोटो पाठवा. दाराचं पॅड तेवढं घरी उघडू नका, त्या जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा हमखास तुटतात. तुटल्याच तर काळजी नको, माझ्याकडे फळीवर त्यांचा डबाभर साठा आहे.