बोट ओढायला पिकअपच लागतो? आधी वजन तर करा

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, मला स्वतःला पाच-सहा जणांकडून आला. त्यात म्हटलंय की बोट ओढायची असेल तर पिकअपच घ्या, एसयूव्ही फक्त माणसं न्यायला असते, तिची चेसिस कमजोर, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) छोटा म्हणून ट्रेलर डोलायला लागला की गाडीच फिरते, रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, तिला पकड मिळत नाही, ज्या गाडीचा टोइंगचा म्हणजे ओढायच्या वजनाचा आकडा मोठा ती जास्त सेफ, आणि पिकअपच्या हौद्यात काय हवं ते सामान टाका. माझ्या मावसभावाने हे वाचून चांगली धडधाकट मोठी एसयूव्ही विकायला काढली होती, म्हणून हे लिहायला बसलो. मी दोन्ही गाड्यांनी बोटी ओढल्यात, पिकअपशी माझं काही वाकडं नाही, खाली एके ठिकाणी पिकअपच घ्या असंही सांगणार आहे.

पहिलं चेसिसचं बघू. "एसयूव्हीची चेसिस कमजोर असते" हे सरसकट म्हणणं साफ चूक आहे. शेव्हरोलेची टाहो आणि सबर्बन ज्या प्लॅटफॉर्मवर उभ्या आहेत त्याच प्लॅटफॉर्मवर सिल्व्हराडो 1500 पिकअप उभा आहे. फोर्डचा रेंजर पिकअप आणि एव्हरेस्ट एसयूव्ही यांचंही तसंच, आणि बऱ्याच देशांत दोघांनाही ब्रेकवाला ट्रेलर असेल तर 3500 किलोपर्यंतचं रेटिंग आहे. टोयोटाची लँड क्रूझर 300 पण 3500. आणि ज्यांना वेगळी चेसिसच नाही, बॉडीतच सगळं आहे, अशा फोक्सवॅगन टुआरेग आणि बीएमडब्ल्यू एक्स5 सारख्या गाड्यासुद्धा युरोपात 3500 किलो ओढतात. फरक आहे तो मागच्या सस्पेन्शनमध्ये, पिकअपला बहुतेक वेळा लीफ स्प्रिंग म्हणजे पाटे असतात आणि एसयूव्हीला कॉइल किंवा एअर, त्यामुळे हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या हुकावर, वजन आलं की एसयूव्ही मागून जास्त बसते, आणि ते बघून लोकांना वाटतं गाडी झेपत नाही. इथे एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, एअर सस्पेन्शन मागची बाजू उचलून गाडी सरळ दाखवतं, पण पुढच्या चाकांवरचं जे वजन हिचमुळे कमी झालं ते परत आणत नाही. गाडी सरळ दिसतेय म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चालू नका.

आता टोइंगचा मोठा आकडा. या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. एका शोरूममध्ये मला सेल्समनने हाच आकडा तीन वेळा सांगितला आणि दरवाज्याच्या आतल्या स्टिकरबद्दल एक शब्द काढला नाही, मी विचारलं तेव्हाही त्याने विषय बदलला. फोर्डच्या एफ-150 पिकअपला योग्य इंजिन आणि पॅकेज घेतलं की 6100 किलोच्या वर रेटिंग आहे, टोयोटाच्या टंड्रा पिकअपला 5400 च्या वर, सिक्वोया एसयूव्हीला 4300 च्या आसपास, टाहोला 3800. म्हणजे आकड्यात पिकअप पुढे आहे, मान्य. पण हा आकडा मिळतो कसा ते बघा. अमेरिकेत यासाठी एसएई जे2807 नावाचं स्टँडर्ड आहे. टोयोटाने ते 2011 च्या मॉडेलपासून आधी लावलं, बाकीचे मोठे ब्रँड बऱ्याच उशिरा आले. त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या 18 किलोमीटरच्या चढावर एसी फुल लावून, ट्रेलर जोडून, साधारण ताशी 64 किलोमीटरच्या खाली न येता गाडी वर न्यावी लागते. चांगली कडक टेस्ट आहे. पण त्यात गाडीत माणसं किती धरतात? दोन. प्रत्येकी 68 किलोची. म्हणजे तुम्ही बायको, दोन मुलं, आई, बर्फाची पेटी आणि तंबू घेऊन निघालात की तो आकडा तुमचा राहत नाही.

खरा आकडा दरवाज्याच्या खांबावर असतो, पेलोड. माणसं, सामान, हिचचं लोखंड आणि ट्रेलर हिचवर जेवढं खाली दाबतो ते वजन, हे सगळं मिळून त्या आकड्यात बसलं पाहिजे. हिचवरच्या त्या वजनाला टंग वेट म्हणतात. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, भरपूर फीचर्सवाला, सनरूफ, मोठी चाकं, लेदर सीट असलेला महागातला पिकअप घेतला तर त्याचं पेलोड मोठ्या एसयूव्हीच्या बरोबरीला येऊ शकतं, कारण तो सगळा साज पेलोडमधूनच वजा होतो. त्याच मॉडेलच्या साध्या व्हेरियंटला पेलोड जास्त मिळतं. म्हणून ब्रोशर नका बघू, जी गाडी घेणार त्याच गाडीचा दरवाजा उघडून तिथलं स्टिकर वाचा.

दुसरी बाजू बोटीची. ब्रोशरमध्ये बोटीचं जे वजन छापतात ते बहुतेक वेळा कोरडं असतं, आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन धरलेलं नसतं, ट्रेलर तर नसतोच. मावसभावाच्या ब्रोशरमध्ये 1300 किलो लिहिलंय. आम्ही ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेली तर 2380 भरली. इंजिनच सव्वादोनशे किलो, ट्रेलर साडेपाचशे, पेट्रोल 150 लिटर म्हणजे साधारण 110 किलो, आणि राहिलेलं बॅटऱ्या, नांगर, साखळी, दोर, लाइफ जॅकेट, आणि वर्षानुवर्षं लॉकरमध्ये साठलेलं न लागणारं सामान.

आता डोलण्याचा मुद्दा, ज्यामुळे मावसभाऊ गाडी विकायला निघाला होता. लांब व्हीलबेसचा फायदा आहेच, ते नाकारत नाही, सिल्व्हराडो क्रू कॅबचा व्हीलबेस पावणेचार मीटरच्या आसपास आहे आणि टाहोचा तीन मीटरच्या थोडा वर. पण सबर्बन 3.4 मीटरची आहे आणि रेंजर 3.27, म्हणजे इथे एसयूव्हीच लांब निघाली, तेव्हा "पिकअप म्हणजे लांब" असं काही नाही. आणि ट्रेलर डोलायचं सगळ्यात मोठं कारण बहुतेक वेळा ट्रेलरमध्येच असतं, पुढे वजन कमी आणि मागे जास्त. भाऊ म्हणत होता की ताशी 80 च्या वर गेलं की मागून शेपटी हलल्यासारखं होतं, गाडीच छोटी पडते. मी म्हटलं दादा आधी टंग वेट मोजू. घरातला माणसाचं वजन करायचा काटाच घेतला, पण तो थेट हिचखाली ठेवला तर मोडेल, म्हणून एक जाड लाकडी फळी घेतली, तिचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, आणि ट्रेलरचं तोंड विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट येईल असं फळीवर टेकवलं. अशा वेळी काट्यावर जे दिसेल त्याला तीनने गुणायचं. काट्यावर 37 आले. तीन गुणिले 37, 111 किलो. 2380 वर हे पाच टक्के पण होत नाहीत, आणि जे2807 मध्ये धरतात ते दहा टक्के. मागच्या लॉकरमध्ये दोन बॅटऱ्या, नांगर आणि भरलेली बर्फाची पेटी, सगळं शेपटीला.

ते सामान पुढे आणलं, विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरखीचा) खांब वीतभर पुढे सरकवून बोट तेवढी पुढे ओढली (मागचा भाग अजून ट्रेलरच्या फळ्यांवर नीट टेकलाय ना ते बघून, नाहीतर बोटीचा तळ वाकतो), परत मोजलं तर काट्यावर 78, म्हणजे 234 किलो. त्याच रस्त्यावर त्याच एसयूव्हीने त्याच वेगाने नेली, शेपटी हलली नाही. गाडी तीच होती हो!

रॅम्पचं पण ऐका. पकड चाकावर पडणाऱ्या वजनामुळे आणि टायरखाली काय आहे त्यामुळे मिळते, गाडीच्या आकारामुळे नाही. 2006 मध्ये फोक्सवॅगनने टुआरेगने 155 टनांचं बोइंग 747 विमान ओढून दाखवलं होतं, त्यासाठी गाडीत कित्येक टन लोखंड भरलं होतं, आणि ते ताकदीसाठी नव्हतं, टायर घसरू नयेत म्हणून होतं. रिकाम्या पिकअपचं इंजिन, केबिन सगळं पुढे, मागे पोकळ हौदा, त्यामुळे मागची चाकं हलकी असतात. हिचवर वजन आलं की परिस्थिती सुधारते, पण टू-व्हील ड्राइव्ह रिकामा पिकअप पाण्याच्या कडेच्या हिरव्या शेवाळावर जागच्या जागी चाकं फिरवत उभा राहिलेला मी माझ्याच हातून अनुभवलाय, बोट ट्रेलरवर, मागे चार जण रांगेत, आणि शेवटी दोन माणसं हौद्यात मागच्या एक्सलच्या वर उभी केली तेव्हा बाहेर आला. हेच मी फोर-व्हील ड्राइव्ह लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर देणारा गिअर) एसयूव्हीने शांतपणे केलंय. तेव्हा रॅम्पसाठी फोर-व्हील ड्राइव्ह बघा, मग ते एसयूव्हीत असो की पिकअपमध्ये. जे2807 मध्ये 12 टक्के चढावर थांबून पाच मिनिटांत पाच वेळा पुढे आणि पाच वेळा मागे निघून दाखवायचीही अट आहे, आणि बरेचसे बोटीचे रॅम्प साधारण त्याच चढाचे, 12 ते 15 टक्के असतात. फ्रंट-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही मात्र टाळा, चढावर वजन मागे जातं, हिच मागून दाबते, आणि ओढणारी चाकं पुढे, तिथे तो मेसेज बरोबर ठरतो.

हौद्यात हवं तेवढं सामान, हे तर पेलोडचं गणित वाचल्यावर तुम्हीच सांगाल. पण हौद्याचा एक फायदा मी मनापासून मानतो. पेट्रोलचा कॅन बंद केबिनमध्ये मुलांच्या मागे ठेवणं धोक्याचं आहे, वाफ साठते, हौद्यात तो उघड्यावर राहतो. फक्त भरताना कॅन हौद्यात ठेवून भरू नका, प्लास्टिकच्या लायनरवर स्टॅटिक साठून ठिणगी पडू शकते, खाली जमिनीवर ठेवूनच भरा. ओले दोर, चिखल, माशांचा वास, यालाही हौदा बराच.

मग पिकअप कधी घ्यावाच लागतो? बोट, ट्रेलर, पेट्रोल सगळं मिळून साडेतीन टनांच्या वर जात असेल, तर टंग वेटच साडेतीनशे किलो होतं, पाच माणसं बसली की मोठ्या एसयूव्हीचं पेलोड संपतं, तिथे साधा, जास्त पेलोडचा पिकअप घ्या, दुसरा विचार करू नका. मोठा चढ-उतार रोजचा असेल तरी तेच. पण त्याच्या खाली असाल आणि सोबत घरची माणसं असतील तर एसयूव्हीत सहा-सात जण नीट बसतात, सामान कोरडं राहतं, बोट नसेल तेव्हाही रोज वापरता येते.

भावाचं शेवटी गणित असं झालं. स्टिकरवर 700 किलो. पाच माणसं 340, सामान 60, हिचचं लोखंड 20, टंग वेट 234. एकूण 654. शेहेचाळीस किलो उरले, म्हणजे सहावा मोठा माणूस बसवायचा नाही, एवढं त्याला सांगितलं. विक्रीची जाहिरात त्याने त्याच रात्री काढून टाकली, आणि वाचलेल्या पैशातून आधी ट्रेलरचे ब्रेक नवे करून घेतोय, कारण खाऱ्या पाण्याने एका बाजूचं ब्रेकचं कॅलिपर पूर्ण जाम झालेलं होतं.