मेजर, पैसा आणि चेंबूरची गल्ली : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक चेंबूरकर’ या नावाने आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, पहिल्यांदा थोड्या रागाने आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. माझ्या लेखाचा मथळा ‘मेजर विकत घेता येत नाही’ असा होता (मेजर म्हणजे व्यावसायिक गोल्फमधल्या दरवर्षीच्या चार सर्वांत मानाच्या स्पर्धा), आणि सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फ या नव्या लीगकडे गेलेल्या खेळाडूंना मी त्यात सरसकट लोभी म्हटले होते. त्यावर आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : मेजर स्पर्धा म्हणजे पीजीए टूर या अमेरिकेतल्या जुन्या व्यावसायिक स्पर्धामालिकेचेच दुकान, जुन्या श्रीमंतांचा पैसा सोवळ्यातला आणि अरबांचा ओवळा, हा भेद ढोंगीपणाचा, गलेलठ्ठ करार झाला की खेळाडूची भूक मरते हे माझे विधान निकालांनीच खोटे पाडले आहे, खेळाडू हाही कामगारच, आणि गिरणी कामगाराने जादा पगार मागितला तेव्हा परळ-लालबागमध्ये त्याला कोणी लोभी म्हटले नव्हते, आणि ज्या शहरात पोरांना खेळायला जागा उरलेली नाही, तिथल्या मराठी माणसाने गोल्फवर एवढे लिहावे हेच मुळात हास्यास्पद आहे. उत्तर देताना मी हा क्रम पाळणार नाही, कारण आपले काही मुद्दे मला चटकन मान्य आहेत, तर काहींपाशी थांबावे लागेल.

सोवळ्याच्या मुद्द्यापासून आरंभ करतो, कारण तिथे आपण जितके म्हटले आहे त्याहून अधिक मला कबूल करायचे आहे. चार मेजरांमधली सर्वांत जुनी ‘ओपन’ ही स्पर्धा १८६० मध्ये स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे झाली तेव्हा मैदानात आठ खेळाडू होते, बारा होलच्या, म्हणजे बारा खळग्यांच्या, मैदानाच्या तीन फेऱ्या एकाच दिवसात खेळायच्या होत्या आणि विजेत्याला मिळायचा तो लाल कातड्याचा पट्टा. रोख बक्षीस नव्हते. १८६३ मध्ये दहा पौंड ठेवले गेले, पण ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांत वाटले गेले. विजेत्याच्या हाती पैसे पडले ते १८६४ मध्ये, सहा पौंड. हा इतिहास सांगताना आमच्यासारखे लेखक ‘तेव्हा खेळासाठी खेळ होता’ असे म्हणून गहिवरतात आणि तिथेच फसतात, कारण मैदानात उतरलेली ती माणसे क्लबातली चाकर मंडळी होती. चेंडू बनवणे, काठ्या घडवणे, मैदानाची निगा राखणे आणि साहेबांबरोबर खेळणे ही त्यांची रोजीरोटी होती. हौशी खेळाडूचा जो शुद्धपणा आपण पूजतो तो ज्याच्या घरी आधीच पैसा आहे त्यालाच परवडणारा होता.

याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण १९२० मधले आहे. त्या वर्षी ओपन इंग्लंडमधील डील येथे होती आणि अमेरिकेचा वॉल्टर हेगन हा व्यावसायिक तिथे खेळायला आला होता. व्यावसायिकांना क्लबहाऊसमध्ये पाऊल ठेवायला मनाई होती; कपडे बदलायचे तर ते बाहेर कुठेतरी. हेगनने एक आलिशान मोटार भाड्याने घेतली, ती शोफरसकट क्लबहाऊसच्या दारासमोर उभी केली आणि तिच्यातच बसून तो बूट बदलू लागला, जेवू लागला. स्पर्धेत त्याची दाणादाण उडाली, पण ती मोटार लोकांच्या लक्षात राहिली. पैसे घेऊन खेळणाऱ्याला दाराबाहेर ठेवणाऱ्या प्रतिष्ठेला पैशानेच दिलेले हे उत्तर होते, आणि ते वाचताना मला आपल्या पालवणकर बाळूंची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पुण्यात साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकून चार पैसे मिळवणारा हा दलित फिरकी गोलंदाज पुढे मुंबईला आला, हिंदूंच्या संघातून खेळला आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात संघसहकाऱ्यांबरोबर खेळत असताना चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जात असे. खेळातल्या सोवळ्याचा इतिहास आपल्याकडे इतका स्वच्छ दिसत असताना मी ‘पैशाने खेळ बाटला’ या सुरात लिहायला नको होते, ही चूक माझी.

ऑगस्टा क्लबाच्या सोवळ्याविषयी आपण लिहिलेले तर शब्दशः खरे आहे. मास्टर्स ही मेजर जिथे १९३४ पासून खेळली जाते त्या ऑगस्टा नॅशनल क्लबात पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये आला आणि पहिल्या महिला सभासद २०१२ मध्ये. त्या क्लबाला पैशाची पर्वा नाही, असे दाखवणे हीच त्याची श्रीमंती आहे : दूरचित्रवाणीवर तासाला जेमतेम चार मिनिटे जाहिराती, प्रेक्षकांना आत मोबाइल नेण्याची बंदी आणि दीड डॉलरचे सँडविच. दीड डॉलरमध्ये सँडविच विकणे ज्याला परवडते, त्याला दुसऱ्या कोणाचा पैसा मिंधा करू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र मेजर म्हणजे पीजीए टूरचे दुकान, हे आपले विधान बरोबर नाही, आणि माझा सगळा युक्तिवाद याच फरकावर उभा असल्यामुळे इथे थोडा रेंगाळतो. चारही मेजरांचे मालक वेगवेगळे आहेत आणि त्यांत पीजीए टूर नाही. मास्टर्स ऑगस्टा क्लबाची, यूएस ओपन यूएसजीए या अमेरिकी गोल्फ संघटनेची, ओपन आर अँड ए या संस्थेची आणि पीजीए चँपियनशिप ही पीजीए ऑफ अमेरिका या प्रशिक्षक-व्यावसायिकांच्या संघटनेची, जिच्यापासून टूर पूर्वीच वेगळी झाली. म्हणूनच २०२२ मध्ये टूरने लिव्हकडे गेलेल्या आपल्या सभासदांना निलंबित केले, तेव्हाही पात्र ठरलेले लिव्हचे खेळाडू मेजरमध्ये खेळत राहिले. टूरची स्वतःची मोठी स्पर्धा म्हणजे प्लेयर्स चँपियनशिप. ती १९७४ पासून होते आणि तिला ‘पाचवी मेजर’ म्हणवून घेण्याची हौस टूरने कधी सोडलेली नाही. २०२५ मध्ये तिच्या बक्षिसांची एकूण रक्कम अडीच कोटी डॉलर होती. त्याच वर्षी ओपनची एक कोटी सत्तर लाख होती, म्हणजे चारही मेजरांत सर्वांत कमी. तरीही ज्या खेळाडूने प्लेयर्स जिंकली आहे आणि ओपन जिंकलेली नाही, त्याला यांपैकी कोणता चषक हवा असे विचारून पाहा. मथळ्यात मला म्हणायचे होते ते इतकेच.

यावर आपण म्हणाल की हे मोलही कोणीतरी घडवलेलेच आहे, आणि तेही खरे आहे. बॉबी जोन्सने १९३० मध्ये ज्या चार स्पर्धा एका वर्षात जिंकल्या त्यांतल्या दोन हौशी खेळाडूंच्या होत्या. आजच्या चार मेजरांची चौकट त्या काळी नव्हतीच. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सॅम स्नीडने सेंट अँड्र्यूजला ओपन जिंकली, त्याला दीडशे पौंड मिळाले, त्यात त्याचा प्रवासखर्चही निघाला नाही आणि पुढल्या वर्षी विजेतेपद राखायला तो गेलाही नाही. त्याच्यासारखेच बहुतेक अमेरिकन घरी बसू लागले आणि सर्वांत जुन्या मेजरला अवकळा आली. पैसा नसल्यामुळेही किताबाची किंमत उतरते याचा हा धडधडीत पुरावा माझ्या विरोधात जातो, तो मी लपवत नाही. १९६० मध्ये अर्नोल्ड पामर मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून सेंट अँड्र्यूजला ओपन खेळायला निघाला, विमानात एका वार्ताहराशी बोलताना चार मेजरांच्या आधुनिक ‘ग्रँड स्लॅम’ची कल्पना रंगली, आणि पामर तिथे केल नेगलकडून एका फटक्याने हरला तरी कल्पना टिकली. हाच पामर त्याच सुमारास मार्क मॅककॉर्मॅक या वकिलाशी हातमिळवणी करून खेळाडूच्या नावाचा बाजार कसा मांडायचा याचा पायंडा पाडत होता. म्हणजे आजच्या मेजरांची कल्पना आणि क्रीडाव्यवस्थापनाचा धंदा ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत.

मग लिव्हवर माझा आक्षेप उरतो तरी काय? जून २०२२ मध्ये लंडनजवळच्या सेंच्युरियन क्लबवर लिव्हची पहिली स्पर्धा झाली. अठ्ठेचाळीस खेळाडू, तीन फेऱ्या, कट (म्हणजे मध्यावरची गाळणी) नाही. विजेता चार्ल श्वार्टझेल याला वैयक्तिक बक्षिसापोटी चाळीस लाख डॉलर मिळाले, आणि जो शेवटचा, अठ्ठेचाळिसावा आला, त्यालाही एक लाख वीस हजार डॉलर मिळाले. बड्या नावांच्या करारांचे पैसे याखेरीज. ओपनमध्ये एकशे छप्पन्न जण सुरुवात करतात आणि दोन फेऱ्यांनंतर पहिले सत्तर व त्यांच्या बरोबरीचे तेवढे उरतात. बाकीच्यांनी शुक्रवारी संध्याकाळी बॅगा भरायच्या. कट चुकलेल्या व्यावसायिकांच्या हातावर आता मेजरमध्येही थोडी रक्कम ठेवली जाते, पण शुक्रवारी अठराव्या होलवर पाच फुटांच्या पटसमोर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलण्याच्या फटक्यासमोर, उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यांत जो ताठरपणा दिसतो तो कट असलेल्या स्पर्धेतच दिसतो. निकालाच्या आधी मिळणारा पैसा आणि निकालानंतर मिळणारा पैसा यांत मला फरक वाटतो तो प्रेक्षक म्हणून. खेळाडू म्हणून तो वाटायलाच हवा असे नाही, कारण टूरवरचा खेळाडू प्रवास, हॉटेल, बॅग वाहणारा कॅडी, प्रशिक्षक हा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून करतो आणि टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत कट चुकला की बहुधा रिकाम्या हाताने परततो. अशा माणसाने खात्रीचे पैसे मागितले तर त्याला लोभी म्हणायला माझी जीभ रेटायला नको होती. गिरणी कामगारांचे आपले उदाहरण मला लागले.

भूक मरण्याविषयी वाद घालण्यात अर्थच नाही. ब्रुक्स केपकाने लिव्हमध्ये असताना २०२३ ची पीजीए चँपियनशिप ओक हिलवर जिंकली, ब्रायसन डिशँबोने २०२४ ची यूएस ओपन पाइनहर्स्टवर. माझे विधान चुकले होते.

सौदी पैशाबद्दल लिहिताना मी, तो पैसा कलंकित आहे, या पीजीए टूरच्या नैतिक भाषेवर विसंबलो हेही आता अवघड वाटते. वर्षभर त्या भाषेत बोलून झाल्यावर ६ जून २०२३ रोजी टूरच्या नेतृत्वाने त्याच सौदी निधीबरोबर करार जाहीर केला, आणि बहुतेक खेळाडूंना ते बातम्यांमधूनच कळले. आपल्याकडे तर बोलायलाच नको : आयपीएलचा मोठा लिलाव नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दात भरला, त्यात रिषभ पंतसाठी सत्तावीस कोटींची बोली लागली आणि दादर ते डोंबिवली कोणाच्या कपाळावर आठी पडली नाही. २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीगकडे गेलेल्या खेळाडूंवर भारतीय मंडळाने दारे बंद केली आणि दुसऱ्याच वर्षी स्वतःची लीग काढली, हेही आपण पाहिले आहे. नव्या पैशाला बंडखोर म्हणायचे आणि त्याचीच पद्धत उचलायची, ही चाल पीजीए टूरला कोणी शिकवावी लागली नाही.

एक गोष्ट मात्र मला खुपते आणि ती पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीच्या निमित्ताने सांगतो, कारण मराठी वाचकाला गोल्फचे काय, या आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. २०१५ च्या पीजीए चँपियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला. मेजरमध्ये कोणत्याही भारतीयाची ही सर्वोत्तम कामगिरी. मार्च २०२२ मध्ये प्लेयर्समध्ये तो दुसरा आला आणि त्याच वर्षी लिव्हमध्ये गेला. जागतिक क्रमवारी ठरवणाऱ्या मंडळाने २०२३ मध्ये लिव्हचा गुणांसाठीचा अर्ज फेटाळला, आणि ज्यांच्याकडे पूर्वीच्या मेजर विजयामुळे मिळणारी थेट प्रवेशाची सवलत नव्हती त्यांची क्रमवारी घसरत जाऊन मेजरची दारे अरुंद होत गेली. मेजर जिंकलेला केपका त्या सवलतीच्या जोरावर मेजर खेळत राहिला. म्हणजे नव्या पैशाची खरी किंमत मोजली ती मधल्या फळीतल्या खेळाडूंनी, आणि या बाबतीत मेजरचे चालकही हात झटकू शकत नाहीत.

उरलेले अर्धे उत्तर आपल्याच चेंबूरमधले आहे. मैदानांच्या जागेविषयी आपण लिहिले ते मला पटते. सिडकोने खारघरच्या डोंगराजवळ शुल्क भरून खेळता येण्याजोगे मैदान केले, एवढ्याने मुंबईचा प्रश्न सुटत नाही. पण काही वर्षांपूर्वी प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या बाजूच्या वस्तीत एका गल्लीत मी तासभर उभा होतो. बांधकामाची सळई टोकाला वाकवून, ठोकून चपटी केलेली, मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली, प्लास्टिकचा चेंडू, आणि होल म्हणजे गटाराच्या झाकणाशेजारी खडूने काढलेले वर्तुळ. खेळणारे दोघे-तिघे क्लबात कॅडीचे काम करत. चेंडू पत्र्यावर गेला की दोन फटके दंड, आणि हरणाऱ्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा. पैज होतीच. शेवटच्या होलला एक पोरगा वाकून बराच वेळ जमिनीचा उतार पाहत बसला, तेव्हा मागून पाण्याचा हंडा घेऊन आलेल्या बाईंनाही दोन मिनिटे थांबावे लागले, आणि त्या थांबल्या.

मूळ लेखातील ‘लोभी’ हा शब्द आणि भूक मरण्याविषयीचा परिच्छेद मी आज काढून टाकला आहे आणि तो कोणाच्या सांगण्यावरून काढला हे तिथे नोंदवले आहे. मथळा तसाच ठेवला आहे. त्यावर आपले समाधान झाले नसेल तर पुन्हा लिहा, आणि ती गल्ली आता तिथे आहे का, हेही कळवा.